चोवीसातला एक

आमच्या घरी आवाज फार होते आणि त्यातला एकही दिगूच्या उपयोगाचा नव्हता. घरामागं कंपनीची बियाणं साफ करायची मशीन दिवसभर घरघरायची, समोरून स्टेशनकडं जाणाऱ्या ऑटो, शेजारच्या रजियाचाचीच्या कोंबड्या, आणि या सगळ्यांना पुरून उरणारी माझी माय. माय भाकरी थापायला बसली की परातीच्या आवाजानं अर्धी गल्ली जागी व्हायची आणि उरलेली अर्धी तिच्या बोलण्यानं. दिगू माझा धाकटा भाऊ, माझ्याहून सात-आठ वर्षांनी लहान, जन्मापासून बहिरा. तो चुलीपुढं मांडी घालून भाकरीकडं टक लावून बसायचा आणि ती फुगली रे फुगली की मायच्या पदराला हिसका द्यायचा. मायचं तोंड चालू असल्यामुळं तिची भाकरी करपायची वेळ नेहमीच आलेली असायची. घरातल्या निम्म्या भाकऱ्या दिगूनंच वाचवल्या असतील.

त्या दोघांनी मिळून हातांची एक बोली तयार केली होती. कुणी शिकवलेली नव्हती, गरजेनं वाढत गेलेली. तीत प्रत्येकाला नाव होतं. मी म्हणजे नाकावरची माशी हाकलल्यासारखा हात, कारण मी सारखी चिडलेली. रजियाचाची म्हणजे कोंबड्यांना दाणे टाकणं. वाटूरची आत्या म्हणजे नाकापुढं ही एवढी मोठी गोल नथ. मायला नावच नव्हतं, तिला तो नुसता हात लावायचा. आणि आमचे अण्णा म्हणजे मान खाली घालून दोन पावलं चालणं. मला ती बोली मायइतकी नाही, पण भांडण्यापुरती चांगली येत होती. अण्णांना येत नव्हती. त्यांना काही सांगायचं असलं की ते मायकडं बघायचे आणि माय दिगूला सांगायची.

अण्णांचं कामच मान खाली घालून चालण्याचं होतं. ते एका बियाणं कंपनीत नमुना प्लॉटवर होते. जालन्यात त्या वेळी निम्मी मंडळी या ना त्या कंपनीत बियाण्याच्याच कामाला. गोदामात कपाशीच्या बियाण्याचा मोठा ढीग आला, त्याला लॉट म्हणायचं, की त्यातलं मूठ-दोन मूठ बी काढून प्लॉटवर पेरायचं आणि झाडं वर आली की ओळीओळीनं बघत जायचं. पानावर लव किती, फुलाचा रंग कसा, पाकळीच्या बुडाशी ठिपका आहे का. वेगळं निघालेलं झाड म्हणजे भेसळ. भेसळ जास्त निघाली तर अख्खा लॉट नापास, मग तो कुणाचा का असेना. अण्णांनी भल्याभल्यांचे लॉट नापास केलेले मी पाहिले आहेत. लोक घरी मोसंबीच्या पिशव्या घेऊन यायचे, काकुळतीला यायचे, आणि अण्णा म्हणायचे, "झाडानं जे सांगितलं ते मी लिहिलं, भाऊ." असा हा कडक माणूस घरात मात्र मुका. त्यातून त्यांच्या थोरल्या बहिणीपुढं, म्हणजे आत्यापुढं, तर बिलकुल मुका.

आत्याचं म्हणणं असं की दिगूचं बहिरेपण मायच्या माहेराहून आलेलं आहे. मायचा एक चुलता भोकरदनकडं होता, तो मुकाबहिरा होता. झालं, एवढं पुरलं. बारशाला, लग्नाला, सवाष्ण म्हणून जेवायला बोलावलं तिथं, आत्या हातातल्या पानाला चुना लावत बोलायची, "आमच्यात न्हाई बाई असं कोणी. सोयरीक बघतानी घराणं बराबर बघाया पायजे व्हतं." माय ऐकायची आणि वाढत राहायची. दिगूला कडेवर घेऊन तिनं औरंगाबादच्या दवाखान्याच्या पायऱ्या झिजवल्या, सोमवार धरले, दर्ग्यावर चादर चढवली, कुणी सांगितलं म्हणून गाढविणीचं दूधसुद्धा आणलं. प्रत्येक ठिकाणी एकटी. पोरगं तिच्याकडचं होतं ना. अण्णा पैसे द्यायचे, बसला बसवून द्यायचे, आणि प्लॉटवर जायचे.

आता साठी उलटल्यावर मी कुणावर चिडायचं नाही असं ठरवलं आहे, पण हा परिच्छेद लिहिताना मी दोनदा उठून गॅलरीत फेऱ्या मारून आले.

मी कॉलेजात दुसऱ्या वर्षाला होते तेव्हा आत्यानं मला मागणी घातली. मागणी कसली, भावाची पोरगी म्हणजे आपल्याकडं आत्याच्या हक्काचीच. पाळण्यात असतानाच तिनं माझ्या कपाळावर बोट टेकून सांगितलं होतं म्हणे, ही माझी सून. तिचा विलास वाटूरला शेती बघायचा, मोसंबीची बाग होती. खोटं कशाला बोलू, विलास मला आवडत होता. उंच, हसरा, कुणाचीही टर उडवणारा. तो घरी आला की मला एकाच जागी बसवत नसे. धुतलेली भांडी मी परत धुवायची. माय मात्र ऐकायलाच तयार नव्हती. तिच्या नकारानं आणि माझ्या मनातल्या होकारानं माझं डोकं असं फिरलं होतं की त्या दिवसांत मी सरळ चाललेलीच आठवत नाही. प्लॉटच्या बांधावरून भराभर फेऱ्या मारायची, आणि ओळीत उभे असलेले अण्णा वर न बघता म्हणायचे, "मंगल, बांध झिजंल."

त्याच दिवसांत कॉलेजात आम्हाला आनुवंशिकता शिकवायला एक नव्या मॅडम आल्या होत्या. भराभर बोलणाऱ्या, फळ्यावर लिहिलेलं पुसायच्या आधीच पुढचं लिहिणाऱ्या. त्या म्हणाल्या, "आईकडून काय येणार आणि बापाकडून काय येणार, या दोन वेगळ्या गोष्टी. एकीचं दुसरीला काही कळत नाही. म्हणून दोन्ही एकदम घडायची शक्यता हवी असेल तर गुणाकार करा." वर्गानं माना हलवल्या. मला मात्र समोर चिंचोके दिसायला लागले होते.

चिंचोके म्हणजे आमच्या घरचा रोजचा खेळ. दिगूला आवाजाचे खेळ उपयोगाचे नाहीत म्हणून मायनं त्याला पाटावर खडूनं घरं आखून चिंचोक्यांचा डाव शिकवला होता. चिंचोका उभा फोडायचा, एक बाजू काळी, एक पांढरी. मुठीत हलवून टाकायचे आणि पांढरे पडतील तेवढी घरं पुढं. माय खेळताना भांडायची, "इतक्या बारी काळं पडलं, आता तर पांढरंच पडाया पायजे." दिगू पोट धरून हसायचा, कारण परत काळंच पडायचं. चिंचोक्याला मागचं काही आठवत नाही, हे त्या पोराला मायच्या आधी कळलं होतं.

घरी येऊन मी दिगूचा डबा उघडला आणि दोन चिंचोके घेऊन चुलीपुढं बसले. एक मायचा, एक अण्णांचा. पांढरी बाजू म्हणजे बहिरेपणाची खूण, काळी म्हणजे साधी. मायजवळ दोन्ही बाजू आहेत, म्हणून तिला स्वतःला ऐकू येतं. पोराला ती एकच देते, कुठली ते नशिबावर. अण्णांचंही तसंच. दोन्हीकडून पांढरं पडलं तर पोरगं बहिरं. निम्म्याचं निम्मं, चारात एक. मी टाकत राहिले, बघत राहिले, आणि मग हात थांबला. मायचं पांढरं पडलं आणि अण्णांचं काळं, तर काहीच होत नव्हतं. मायनं जन्मभर एकटीनं पांढरं टाकलं असतं तरी दिगू झाला नसता. अण्णांच्या चिंचोक्याला पांढरी बाजू असल्याशिवाय तो होतच नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी मॅडमना गाठून सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, तापानं, औषधानंही बहिरेपण येतं, पण जन्मापासूनचं आणि घराण्यात आधी कुणी असलेलं असेल तर बहुतेक तू म्हणतेस तसंच. मग मला राहवेना. मी माझा हिशेब केला. मला ऐकू येतं, म्हणजे माझे दोन्ही पांढरे नाहीत. चार प्रकारांतला तो एक गेला, उरले तीन, त्यातल्या दोनांत एक पांढरं आहे. म्हणजे माझ्यात ते दडलेलं असायची शक्यता तिनात दोन. अण्णांकडचं त्यांच्या आईकडून नाहीतर वडिलांकडून आलेलं, म्हणजे आत्यात असायची शक्यता निम्मी, विलासमध्ये त्याच्या निम्मी, चारात एक. आणि दोघांतही असलं तर आमच्या पोरात दोन्ही पांढरे पडायची शक्यता पुन्हा चारात एक. सगळ्यांचा गुणाकार केला. चोवीसात एक.

मी घरात मोठमोठ्यानं हिशेब जुळवत होते ते रजियाचाची दारात सुपात ज्वारी पाखडत ऐकत होती. तिला मधलं काही उमगलं नाही, पण चारात एक बरोबर पटलं. "अगे, चार में एक बोले ना? वो तो दिगू हो गया. अब घर में और तीन हुए तो तीनों अच्छे होते." मी म्हटलं, चाची, तसं नसतं, दर वेळी पहिल्यापासून डाव. चाची म्हणाली, "तो फिर हिसाब काहे का?" आणि सूप घेऊन आत गेली. पुढं कॉलेजात आयुष्यभर हेच शिकवलं मी, आणि दर वर्षी चाचीचा तो प्रश्न आधी फळ्यावर लिहिला.

मायला मी सगळं समजावून सांगितलं तेव्हा मला वाटलं ती मला कवटाळेल. ती कांदा चिरत होती. म्हणाली, "तू सांगून राह्यली, पण तुझ्या तोंडून काय कामाचं? त्यांनी म्हणाया पायजे. त्यांच्या बहिणीपुढं. एकदा. बस."

"आणि चोवीसात एकचं काय? त्याला भितेस ना तू?"

"तो एक आला तर आला. म्या न्हाई का सांभाळला? पोराचं भ्या न्हाई गं मला. त्या पोरावरून जे ऐकावं लागतंय ना जन्मभर, त्याचं भ्या हाये. ते तुझ्या वाट्याला न्हाई येऊ द्यायचं मला." आणि मग पदरानं डोळे पुसत, "कांदा लई तिखट हाये."

त्या रविवारी आत्या आणि विलास वाटूरहून आले. आत्यानं मोसंबीची पिशवी आणली होती. मायनं येसराची आमटी केली होती, भात, धपाटे, दही. कितीही भांडण असो, मायच्या हातची आमटी आत्या दोनदा घेणार. पंगत बसली, अण्णा आणि आत्या शेजारी, समोर विलास, आणि दिगू मोसंबी सोलत विलासला चिकटून. विलास त्याला पाण्याची धार नाकातून काढून दाखवायच्या बेतात होता. मी आमटीची वाटी घेऊन वाढत होते.

आत्यानं विषय काढला. "नामा, आता उशीर कशाला? पोरीला शिकायचं तर शिकंल की तिकडं बी. परतूरला कॉलेज हाये."

अण्णा ताटाकडं बघत भात कालवत राहिले. माय दारातून म्हणाली, "वन्सं, नात्यात द्यायला मन घेत न्हाई माझं."

"नात्यात न्हाई? तुमचं तर नात्यात नव्हतं ना, मंग दिगू कसा झाला? कमल, जे आलं ते तुझ्या माहेराकडून आल्तं. आमचा खानदान साफ हाये. म्या तुझी पोरगी घेऊन राह्यले तर तूच माझे उपकार मानाया पायजे."

मी वाटी खाली ठेवली. काय बोलतेय हे कळायच्या आत मी दिगूचा डबा आणून पंगतीच्या मधे चिंचोके मांडले होते. हा मायचा, हा अण्णांचा, ही पांढरी बाजू, ही काळी. आत्या म्हणाली, "आता काय चिंचोक्यावर लग्नं ठरवायची का?" पण विलास पुढं सरकला. "थांब आई, बघू दे." त्यानं मला परत सांगायला लावलं, स्वतः दोनदा टाकून बघितलं, आणि म्हणाला, "म्हंजे चोवीसात एक. तेवीस तर आपलेच की मंग." मला हसू आलं. इतक्या तापलेल्या घरात मला हसू आलं हे मला चांगलं आठवतं.

आत्याला ते हसू बघवलं नाही. ती अण्णांकडं वळली. "हे असलं मला नगं सांगू. माझी चार पोरं हायेत, चारी धडधाकट, कान कसे तिखट. नामा, तूच सांग, तुझ्या कंपनीत काय म्हणतात? नमुना बराबर निघाला की लॉट पास. मंग माझा लॉट पास हाये का न्हाई?"

अण्णांनी मान वर केली. "अक्का," ते म्हणाले, "चार झाडांवर लॉट पास होत न्हाई."

अण्णांना आता थांबता येईना. नव्या पोरांना प्लॉटवर समजावतात त्या आवाजात ते सांगत गेले. "शेकड्यानं झाडं बघावी लागतात. चार म्हंजे काहीच न्हाई. आन् वरून तर बिलकुल कळत न्हाई, अक्का, दडलेलं असतंय. एका बाजूनं आलेलं दडूनच राहतंय, पिढ्या न् पिढ्या दिसत न्हाई. दोन्ही बाजूंनी आलं तवाच झाडात दिसतं."

"म्हंजे?"

"म्हंजे दिगूचं निम्मं माझ्याकडचं हाये. आपल्या मायकडून आलं का बापाकडून, ते मला न्हाई सांगता येत. पण आपल्याच घरातून आलं. तुझ्यात बी असंल, नसंल बी. चार पोरांवरून तुला म्या पास न्हाई करू शकत."

मागची मशीन घरघरत होती. माय दारात पळी घेऊन उभी होती. "हे तुम्हाला कव्हापासून ठाऊक हाये?" तिनं विचारलं.

"प्लॉटवर रोजच दिसतंय ते."

"म्या इचारलं कव्हापासून."

अण्णांची मान परत खाली गेली. "पहिल्यापासून."

मला त्या क्षणी अण्णांचा जेवढा राग आला तेवढा आत्याचाही कधी आला नव्हता. एवढी वर्षं! दवाखान्याच्या पायऱ्या, सोमवार, गाढविणीचं दूध, आणि हा माणूस हे सगळं जाणून मान खाली घालून घरातून प्लॉटवर आणि प्लॉटवरून घरात. तेही आज बोलले ते बायकोसाठी नाही, कुणी चार झाडांवर लॉट पास करायला निघालं म्हणून. मला वाटलं, माय आता पळी फेकून मारेल. मारायलाच पाहिजे होती. तिनं दिगूकडं पाहिलं. तो मोसंबीच्या फोडी ओळीनं मांडून आम्हा सगळ्यांची तोंडं आळीपाळीनं न्याहाळत होता.

"चला," माय म्हणाली, "आज पोरगं दोघांचं झालं." आणि तिनं अण्णांच्या ताटात भात वाढला.

आत्या हात धुवून उठली. दुसऱ्यांदा आमटी घेतली नाही. निघताना विलास माझ्याजवळ थांबला आणि हळूच म्हणाला, "मंगल, मला तो एक बी चालतंय बरं का." चांगला होता तो. खरंच चांगला होता. पण मी त्याच्याशी लग्न केलं नाही. वाटूरला आणि जालन्याला अजून लोक म्हणतात, शिकलेली पोरगी, आकड्याला भ्याली. चोवीसात एकाला मी कशाला भिऊ? तो एक म्हणजे फार तर दुसरा दिगू, आणि एका दिगूबरोबर माझं बरं चाललं होतं. पण आत्या त्या दिवशी मायला एक शब्द न बोलता उंबरा उतरली, पुढंही कधी बोलली नाही. त्या घरात गेले असते तर मायबद्दल रोज ऐकावं लागलं असतं, आणि ते चोवीसात चोवीस होतं. विलासनं पुढं परतूरकडची मुलगी केली. त्याची पोरं मला मंगलआत्या म्हणतात, आणि मोसंबीची पिशवी दर वर्षी येते.

मायनं अण्णांना कधी बोल लावला नाही. नुसतं म्हणाली, "प्लॉटाची अब्रू राखाया बोलले, माझी न्हाई. पण बोलले." आणि दुसऱ्या दिवसापासून दिगूचं सगळं तिनं निम्मं करून त्यांच्या हातात दिलं. शाळेत सोडायला तुम्ही, दवाखान्यात तुम्ही, केस कापायला तुम्ही. अण्णांना काही विचारायचं असलं की ते सवयीनं मायकडं बघायचे आणि माय म्हणायची, "माझ्याकडं काय बघता? त्याच्याकडं बघा."

एका संध्याकाळी त्यांनी मला विचारलं, "हा मला काय म्हणतो गं? हातानं?" मी दिगूला खुणावलं. दिगू उठला, मान खाली घातली आणि दोन पावलं चालला. अण्णा हसले. "प्लॉटवर चालतो तसं व्हय?"

"न्हाई," माय चुलीपुढून म्हणाली, "घरात येता तसं."

अण्णा पाटाजवळ जाऊन खाली बसले आणि दिगूच्या डब्यातले चिंचोके उचलले. त्यांना टाकता येत नव्हते, एकच उडायचा आणि बाकीचे मुठीतच राहायचे. दिगूनं त्यांचं मनगट धरून दाखवलं. त्यानंतर रोज संध्याकाळी तो डाव होऊ लागला. अण्णा रोज हरायचे, मायसारखेच काळ्या चिंचोक्याशी भांडायचे आणि दिगू हसून लोळायचा.

दिगूची आता पन्नाशी उलटली. जालन्यात त्याचं दुकान आहे, बायको आहे, ओरडून घर डोक्यावर घेणारी दोन पोरं आहेत. अण्णा जाऊन बरीच वर्षं झाली. दिवाळीला आम्ही जमतो तेव्हा दिगू त्यांची आठवण काढतो. नात्यातल्या नव्या सुनांना कळत नाही तो कुणाबद्दल बोलतोय, मग मी सांगते. अण्णांच्या नावासाठी मान खाली घालणं त्यानं केव्हाच सोडलं. तो मूठ वर धरतो, हलवतो, आणि चिंचोके टाकतो.